केनेडी स्पेस सेंटर एका दिवसात: आधी बस, मग ॲटलांटिस

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोहून नासाचं केनेडी स्पेस सेंटर साधारण तासाभराचं. ५२८ नंबरचा टोलरस्ता पूर्वेकडे धरायचा. गाडी भाड्याची असेल तर टोल कसा कापला जातो ते ताब्यात घेतानाच विचारून ठेवा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात.

बहुतेकांचा दिवस फाटकापाशीच फसतो. आत शिरताच उभी रॉकेटं दिसतात, फोटो सुरू होतात आणि तास-दीड तास जातो. रॉकेटांची ती बाग संध्याकाळीही तिथेच असते. माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न ५ रॉकेट मात्र काही मैल लांब, आणि तिथे फक्त केंद्राच्याच बसने जाता येतं. शेवटची बस केंद्र बंद होण्याच्या बरीच आधी सुटते; त्या दिवशीची वेळ सकाळीच बघून घ्या. म्हणून फाटक उघडताच थेट बसच्या रांगेत जा. जाऊन-येऊन किमान अडीच तास धरा. वाटेत व्हीएबी, म्हणजे रॉकेटं जोडायची १६० मीटर उंच इमारत, दिसते. चंद्रावर गेलेली रॉकेटं इथेच जोडली गेली.

सॅटर्न ५ आडवं ठेवलंय, लांबी ११० मीटर. पाच इंजिनांपासून टोकापर्यंत सावकाश चाला. तिथला चंद्रावरच्या दगडाचा तुकडा हाताला लागतो, तो चुकवू नका.

परतल्यावर जेवण आणि मग ॲटलांटिस हे स्पेस शटल. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी विजांसह पाऊस येतो, तेव्हा छताखाली असणंच बरं. १९८५ ते २०११ या काळात ३३ उड्डाणं केलेलं हे यान ४३.२१ अंशांत कललेलं, मालकक्षाची दारं उघडी, असं टांगलंय. पोटाखाली उभं राहून वर बघा: उष्णतारोधक फरशांवर परतीच्या प्रवासाचे करपट ओघळ आहेत.

त्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन शटलच्या अपघातांत गेलेल्या १४ अंतराळवीरांचं स्मृतिदालन आहे. कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी तिथे आहेत, आणि कल्पना चावलाही कोलंबियाच्या सातजणांत होत्या. मुलांना आत नेण्याआधी दोन वाक्यांत सांगून ठेवा, आणि तिथे घाई करू नका.

रॉकेट सुटायच्या दिवशी बसचा मार्ग बदलू शकतो. हवा किंवा बिघाडामुळे उड्डाण पुढे ढकललं जाणं नेहमीचं, त्यामुळे तेवढ्यासाठीच येत असाल तर हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.