युरोपात बायोडेटा चाळणारं सॉफ्टवेअर विकताय? आधी हे करा

पुण्यातल्या कंपनीने उमेदवारांना गुण देणारं सॉफ्टवेअर जर्मनीतल्या ग्राहकाला विकलं, की युरोपीय संघाचा एआय कायदा तिलाही लागू होतो. १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आलेला हा कायदा बघतो तो मुख्यतः वापर.

म्हणून प्रत्येक सुविधा वेगळी लिहून काढा. चेहऱ्यावरून उमेदवाराच्या भावना ओळखणारा भाग असेल तर तो काढूनच टाका; कामाच्या ठिकाणी यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे आणि भरतीही त्यातच धरतात. प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट असेल, तर समोर यंत्र आहे हे सांगावं लागतं. अर्ज गाळणं मात्र थेट ‘उच्च जोखीम’, म्हणजे कडक अटींचा वर्ग.

इथेच बहुतेकांची चूक होते. ‘आम्ही फक्त सुचवतो, निर्णय माणूस घेतो,’ असं म्हणून सुटका होत नाही. किरकोळ मदत करणाऱ्या साधनांना या वर्गातून वगळणारं सवलतीचं कलम आहे खरं; पण सॉफ्टवेअर व्यक्तीचं प्रोफाइल बनवत असेल, म्हणजे माहितीवरून तिचं आपोआप मूल्यमापन करत असेल, तर ते लागूच होत नाही.

माणसाची देखरेख खरी हवी. पडद्यावर फक्त वरचे वीस उमेदवार दिसत असतील, तर खालच्यांना कुणी पाहिलेलंच नसतं. कमी गुणांची यादीही उघडता यावी, शेजारी कारण दिसावं, निर्णय फिरवता यावा. चाचणीसाठी एकच बायोडेटा घ्या, एकदा फक्त नाव बदला, एकदा बाळंतपणाचा दोन वर्षांचा खंड टाका. गुण हलले तर मॉडेलला शिकवायला वापरलेला विदा (डेटा) तपासा. केवळ भारतीय अर्जांवर शिकवलेलं मॉडेल तिथे चुकू शकतं.

मग कागदपत्रं. भरतीच्या साधनांना बाहेरची तपासणी संस्था लागत नाही, अंतर्गत तपासणी पुरते. तांत्रिक फाइल १० वर्षं जपा, लॉग (सॉफ्टवेअरच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) किमान सहा महिने. युरोपात लेखी अधिकारपत्राने प्रतिनिधी नेमा, अनुरूपतेची (कायद्याच्या अटी पाळल्याची) घोषणा करा, त्याची खूण असलेलं सीई चिन्ह लावा, युरोपीय डेटाबेसमध्ये नोंदणी करा. मूळ कायद्यात यासाठी २ ऑगस्ट २०२६ ही तारीख होती. ती पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे ताजी तारीख बघूनच वेळापत्रक आखा. या जबाबदाऱ्या चुकवल्या तर दंड १.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत. मोठ्यांना यातली जास्त रक्कम ही मर्यादा, छोट्या कंपन्यांना कमी.

करारात एक कलम विसरू नका: ग्राहकाने स्वतःचं नाव लावून तेच सॉफ्टवेअर पुढे दिलं, तर उत्पादकाची जबाबदारी त्याच्यावर जाते, पण कागदपत्रं पुरवायला तुम्हीच बांधील राहता.