कृष्णजन्म आणि येशूजन्म: साम्य कसं तपासावं

घाबरलेला राजा, बालहत्या, रातोरात दुसरीकडे नेलेलं मूल, गुराखी आणि मेंढपाळ. श्रीकृष्ण आणि येशू यांच्या जन्मकथांतली ही साम्यं पाहिली की एकाची गोष्ट दुसऱ्याने घेतली, असं पटकन म्हटलं जातं. साम्य खरंच आहे, पण निकाल देण्याआधी मूळ ग्रंथ उघडावेत.

वाचायचं फार नाही: भागवताच्या दशम स्कंधाचे अध्याय १ ते ५, आणि मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांचे (बायबलमधल्या येशूचरित्रांचे) पहिले दोन-दोन अध्याय. वहीत चार रकाने आखा: प्रसंग, भागवत, मत्तय, लूक. मत्तय आणि लूक एकत्र करू नका. सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. नाताळच्या देखाव्यात सगळे शेजारीशेजारी असतात, पण गव्हाणी आणि मेंढपाळ फक्त लूकमध्ये आहेत. मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), हेरोद राजाने केलेली बालहत्या आणि मिसरला (इजिप्तला) पलायन फक्त मत्तयात. लूकच्या कथेत कुटुंब यरुशलेमेतले विधी उरकून नासरेथला परततं.

रकान्यात नुसतं 'आहे' लिहून भागत नाही. कोणी, कधी, कशासाठी तेही लिहा. कंसाला आकाशवाणी देवकीच्या वरातीतच सांगते की हिचा आठवा गर्भ तुला मारील. म्हणजे आई कोण हे त्याला आधीच ठाऊक आहे. हेरोदाला मूल कोणाचं हेच कळत नाही, म्हणून तो बेथलेहेम परिसरातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान सगळे मुलगे मारवतो. कृष्णाच्या जागी आणलेली यशोदेची मुलगी, म्हणजे योगमाया देवी, कंसाच्या हातून निसटते. मत्तयात अशी अदलाबदल नाही. कराचा प्रसंगही फसवा आहे. नंद वार्षिक कर भरायला मथुरेला जातो तो कृष्णजन्मानंतर. योसेफ नावनिशीसाठी (जनगणनेत नाव नोंदवायला) बेथलेहेमला जातो तो येशूच्या जन्माआधी, मरीयेसह.

आता पाचवा रकाना आखा: घरातलं मूळ. साम्य दिसलं की आधी त्याच परंपरेतले जुने ग्रंथ धुंडाळा. मुलगे मारणारा राजा बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गमाच्या पुस्तकात फारोच्या (मिसरच्या राजाच्या) रूपाने आधीच आहे, आणि मिसरच्या प्रसंगी मत्तय स्वतःच जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं वचन (११:१) देतो. इकडे कंसवधाचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात, इ.स.पू. दुसऱ्या शतकात आहे. भागवत ग्रंथ उशिराचा म्हणून कथाही उशिराची, हा तर्क त्यामुळे कोसळतो. मात्र महाभाष्यात बाललीला नाहीत, तेव्हा हा पुरावा कंसवधापुरताच वापरा.

इंटरनेटवरच्या कृष्ण-येशू साम्यांच्या याद्यांतल्या तीन ओळी सरळ खोडा. कृष्णजन्म २५ डिसेंबरचा नाही, श्रावण वद्य अष्टमीचा आहे. येशूच्या जन्माची तारीख तर शुभवर्तमानांत दिलेलीच नाही. देवकी कुमारी माता नव्हे, कृष्ण तिचं आठवं अपत्य. आणि कृष्ण क्रुसावर गेला नाही. महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण त्याच्या तळपायाला लागतो.

प्रसंग कितीही जुळले तरी अवतारकल्पना ओढूनताणून जुळवू नका. गीतेत (४:८) देव युगे युगे येतो. योहानाच्या शुभवर्तमानात (१:१४) 'शब्द', म्हणजे देवच, देही होतो तो एकदाच.

सिद्ध झालेली देवाणघेवाण कशी दिसते हे पाहायचं असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण वाचा. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेल्या या ग्रंथात ओवी आणि पुराणाचा घाट इथला आहे, कथा बायबलची. कोणी, कुठे, केव्हा आणि काय घेतलं, हे तिथे दाखवता येतं. इतर कोणत्याही दाव्याकडून तेवढंच मागा.