एमबीएचं पॅकेज बघून फी भरताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात नुकतंच एमबीए झालेल्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर पहिली सॅलरी स्लिप पाठवली आणि खाली एकच ओळ, दादा हे बरोबर आहे का? ऑफर लेटरवर साडेनऊ लाख होते, म्हणजे बाराने भागून याच्या डोक्यात ७९ हजार, आणि खात्यात जमा झाले ५५.

बरोबरच होतं. आम्ही बसून फोड केली. १ लाख २० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगार, ते वर्षाअखेरीस आणि मिळाले तर. ५० हजार जॉइनिंग बोनस, सहा महिन्यांनी आणि एकदाच. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४३ हजार, ग्रॅच्युइटी १७ हजार, इन्शुरन्स साडेनऊ हजार, हे सगळं सीटीसीतच, म्हणजे कंपनी त्याच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातच, धरलेलं. उरले ७ लाख १० हजार, महिन्याला ५९, त्यातून पुन्हा स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स. पहिली चूक इथेच होते, फी रोख भरायची असते आणि तिची तुलना आपण कागदावरच्या पॅकेजशी करतो. ॲडमिशनच्या आधीच त्या कॉलेजच्या सीनियरला गाठा आणि पॅकेज नाही, "हातात किती येतात रे" एवढंच विचारा. लाजू नका, तो पण कुणाला तरी हे सांगायचीच वाट बघत असतो.

सरासरी बघू नका

माहितीपत्रकात सरासरी पॅकेज मोठ्या अक्षरात असतं. समजा दहा पोरं आहेत, आठ जणांना ६ लाख, एकाला १४ आणि एक बहाद्दर ४० लाख घेऊन गेला, तर सरासरी आली १० लाख २० हजार. दहातल्या आठ जणांनी तो आकडा पाहिलेला पण नाही. मिडियन विचारा, म्हणजे रांगेत मधे उभ्या असलेल्या पोराचा पगार, इथे तो ६ लाख.

आणि १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे बऱ्याचदा प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांपैकी १००. बॅच किती, पास किती, नोकरी किती जणांना, हे वेगवेगळं विचारायचं. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला जी कॉलेजं जातात त्यांना हे तिन्ही आकडे आणि मिडियन पगार भरून द्यावाच लागतो आणि ती पीडीएफ वेबसाइटवर टाकावी लागते. कुठेतरी खाली कोपऱ्यात असते पण असते, शोधा. एक दोन वर्षं जुनी असेल, तरी चकचकीत पानापेक्षा बरी.

खर्च म्हणजे नुसती फी नाही

आमच्या साहेबांची, म्हणजे मावसभावाची, फी १२ लाख, हॉस्टेल मेस धरून अजून ३. हे सगळ्यांना कळतं. पण तो आधी एका ठिकाणी कामाला होता, हातात २८ हजार, ते सोडले, दोन वर्षांचे झाले ६ लाख ७२ हजार. म्हणजे खरा खर्च पावणेबावीस लाखांच्या घरात. हे मी तेव्हा सांगितलं तर मावशी म्हणाली तू पोराचे पाय ओढतोस.

मग कर्ज. १२ लाख, ११ टक्के, सहा सहा लाख दोन वर्षांत उचलले. घरी सगळ्यांचा समज असा की कोर्स संपून सहा महिने होईपर्यंत बँक काही मागत नाही म्हणजे व्याज पण नाही. हप्ता नसतो, व्याज चालूच असतं, ते झालं २ लाख ६४ हजार. हप्ता सुरू झाला तो १४ लाख ६४ हजारांवर, सात वर्षांसाठी, महिना २५ हजार.

आता खरा हिशेब बघा, कारण बहुतेक जण नवा पगार शून्याशी तोलतात. तोलायचा तो न शिकता आज मिळाला असता त्या पगाराशी. जुन्या नोकरीत दोन इन्क्रिमेंट धरून तो ३४ वर असता. म्हणजे डिग्रीने वाढले २१ हजार आणि हप्ता २५. वर मुंबईत खोलीचं भाडं, आधी तर घरचा डबा होता. पुढे पगार चढेल, सात वर्षांनी हप्ता संपेल, म्हणून डिग्री वाया गेली असं मी अजिबात म्हणणार नाही. पण पहिली तीन चार वर्षं हात बांधलेलेच, हे आधी माहीत असावं. आयआयएम अहमदाबादची फी याहून कितीतरी जास्त आहे आणि तिथे हाच हिशेब आरामात बसतो, कारण मधल्या पोराचा पगारच वेगळा. महाग स्वस्त हे फीवरून ठरत नाही.

सीट कुठून घेतली यावर पण पैसे अवलंबून

मावसभावाला सीईटीत, म्हणजे राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेत, मार्क कमी पडले, एक वर्ष थांबायला नको म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून घेतली. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, सीट असती आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, जे आहे, तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्म्या ट्यूशन फीसाठी अर्ज करता आला असता. मुलींना तर २०२४-२५ पासून, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि त्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीत असतील तर, पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काहीच नाही. एक वर्ष नोकरी करत पुन्हा सीईटी देणं त्याला तेव्हा कमीपणाचं वाटलं.

कर्ज घेऊन झालंय, आता काय

कोर्स चालू असेल तर व्याज तेवढं दर महिन्याला भरत जा, घरच्यांना जमत असेल तर, म्हणजे ते मुद्दलात चढणार नाही. फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलता व्याजदर, असेल तर वेळेआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही, बोनस आला की थेट मुद्दलावर टाका. आणि शैक्षणिक कर्जावर टॅक्स वाचतो यावर फार भिस्त ठेवू नका, ती सवलत फक्त व्याजावर आणि फक्त जुन्या करपद्धतीत, आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत तसाही टॅक्स नाही, म्हणजे साडेनऊवाल्याला तिचा उपयोग शून्य.

जॉइनिंग बोनसचे ५० हजार आले की मुद्दलात टाकायचे असं आमचं ठरलंय. त्याने काल बाइकचा फोटो पाठवला, नुसता बघायला गेलो होतो म्हणे.