पट्ट्या जड हव्यात, पण किती? परवडणारा वेटेड सिंथ घेताना या चुका टाळा

आपल्याकडे पट्ट्या असलेलं आणि विजेवर वाजणारं काहीही असो, लोक त्याला एक तर ‘कॅसिओ’ म्हणतात, नाही तर ‘सिंथ’. दिवाळी पहाटेच्या पत्रिकांवर ‘सिंथेसायझर’ या शब्दापुढे माझं नाव कितीतरी वेळा छापून आलंय. त्यातल्या निम्म्या वेळी माझ्यापुढे साधा अरेंजर कीबोर्ड, म्हणजे ताल आणि साथ आपोआप देणारा, होता. श्रोत्यांचं त्यात काही बिघडत नाही. पण घरातले चाळीस-पन्नास हजार बाहेर काढून वाद्य आणणाऱ्याचं बिघडतं, आणि मग संध्याकाळी मला फोन येतो.

असाच एक फोन कोथरूडहून आला होता. ओळखीच्या काकांनी नातीसाठी कीबोर्ड आणला. ती पियानोच्या परीक्षांची तयारी करते आणि बाईंनी ‘वेटेड कीज’चाच घ्या असं बजावलं होतं. काकांनी दुकानात तसं सांगितलं. विक्रेता म्हणाला, “काका, फुल टच आहे.” काकांना वाटलं झालं काम. बाईंनी पहिल्याच दिवशी एक बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “हा तो नव्हे.”

‘टच’ म्हणजे ‘वेटेड’ नव्हे

सगळ्यात जास्त पैसे याच एका गैरसमजात जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

टच सेन्सिटिव्ह म्हणजे जोरात वाजवलं तर मोठा आवाज, हळू वाजवलं तर लहान. ही करामत पट्टीच्या वजनाची नसते, तिच्याखालच्या दोन संपर्कबिंदूंची असते. पट्टी दाबताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोहोंच्या मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट जोरात आलं. त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो आणि तेवढा आवाज निघतो. हे सगळं पिसासारख्या हलक्या पट्टीतही होतं.

वेटेड म्हणजे पट्टीमागे खरोखरच वजन असणं. हलक्या पट्टीला स्प्रिंग परत वर ढकलते. सेमी-वेटेडमध्ये स्प्रिंगच असते, सोबत पट्टीला थोडं वजन जोडलेलं असतं. फुल वेटेड किंवा हॅमर अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक पट्टीबरोबर एक छोटी हातोडी हलते. ‘ग्रेडेड’ लिहिलं असेल तर खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तारसप्तकाकडच्या हलक्या असतात, खऱ्या पियानोसारख्या.

दुकानात हे ओळखायचं कसं? मी खिशात पाच रुपयांची डझनभर नाणी घेऊन जातो. हसा खुशाल. पितळी रंगाचं पाचाचं नाणं साधारण ६ ग्रॅमचं असतं आणि पांढऱ्या पट्टीच्या रुंदीत बेताचं मावतं. मधल्या पट्टीच्या पुढच्या कडेवर एकावर एक नाणी ठेवत जायचं. खऱ्या पियानोची पट्टी पन्नासेक ग्रॅमला खाली जाते, म्हणजे आठ-नऊ नाण्यांना. मोजणीपेक्षाही पट्टी खाली कशी जाते ते बघा. स्प्रिंगची पट्टी दर नाण्याला थोडी थोडी दबत जाते, कारण स्प्रिंग जितकी दाबाल तितकी जास्त विरोध करते. हातोडीवाली पट्टी बराच वेळ हलत नाही, आणि शेवटचं नाणं पडलं की सावकाश थेट तळाला जाते. मग अगदी डावीकडच्या आणि अगदी उजवीकडच्या पट्टीवर हाच प्रयोग करा. दोन्हीकडे नाणी सारखीच लागली तर ‘ग्रेडेड’ हा शब्द फक्त खोक्यावर आहे.

विक्रेत्याने भुवया उंचावल्या तर उंचावू द्या. पुण्यात दुकानदाराने भुवया उंचावणं हा सौद्याचाच भाग आहे.

हात पेटीचा असेल तर

पेटीवर घडलेल्या हातांना ‘वेटेड म्हणजे भारी’ हे गणित नेहमीच मानवत नाही. पेटीची पट्टी हलकी, आणि आवाजाचं लहानमोठेपण डाव्या हाताच्या भात्यात. उजव्या हाताने जोर करायची सवयच नसते. मी पहिल्यांदा वेटेड सिंथ घेऊन अभंगांच्या कार्यक्रमाला बसलो, तर तिसऱ्या अभंगाच्या द्रुत जागांपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून आला होता. ताना अर्ध्या पडत होत्या. गायिकेने मध्यंतरात विचारलं, “बरं नाही का आज?”

म्हणून आधी स्वतःला विचारा, रोज काय वाजवणार? पियानो शिकायचाय, परीक्षा द्यायच्यात, दोन्ही हातांनी रचना बसवायच्यात, तर हॅमर अ‍ॅक्शनला पर्याय नाही. गाण्याला साथ, ऑर्गनचे आवाज, बासरी-सतारीच्या जागा, एकांकिकेचं पार्श्वसंगीत असलं काम असेल तर सेमी-वेटेड किंवा हलक्या पट्ट्या हाताला जास्त मानवतील. तळहात घासून वर नेण्याचा ऑर्गनचा झपका वेटेड पट्ट्यांवर मारून बघा, दुसऱ्या दिवशी तळहात आठवण करून देईल.

दोन्ही करायचं असेल तर थोडी तडजोड आलीच. माझं मत असं की शिकणाऱ्याने वेटेड घ्यावा आणि साथीला जाताना हलका कीबोर्ड उसना न्यावा. उलटं करू नये.

डिजिटल पियानो घेऊन त्याच्याकडून सिंथची कामं मागणं

परवडणाऱ्या वेटेड वाद्यांमध्ये बहुतेक नावं डिजिटल पियानोंची असतात: यामाहा पी-४५ आणि त्याच्या जागी २०२३ मध्ये आलेला पी-१४५, रोलँड एफपी-१०, कॅसिओ सीडीपी-एस११०, कॉर्ग बी२. पियानो म्हणून यातलं काहीही घ्या. पण आवाज मोजून दहा-पंधरा, आणि पिच बेंडचं, म्हणजे स्वर वर-खाली वाकवायचं, चाक नाही. चाक नाही म्हणजे मींड नाही. सतारीचा आवाज असून मींड नसेल तर तो ऐकवतही नाही.

चाक हवं, शेकडो आवाज हवेत आणि पट्ट्याही वेटेड, तर कॅसिओचा सीडीपी-एस३६० बघा. त्यात ७०० आवाज आहेत आणि चाकही आहे. यामाहाच्या डीजीएक्स-६७० मध्येही या गोष्टी आहेत, फक्त तो स्टँडशिवायही २१ किलोंच्या वर जातो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर आधी विचार करा. खऱ्या अर्थाने सिंथ म्हणावा असा आणि त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे यामाहाचा एमएक्स८८ किंवा रोलँडचा जुनो-डीएस८८. हे जुने झालेत, पण सेकंडहँडमध्ये सापडतात. नावातले आकडे मात्र नीट वाचा. एमएक्स४९ आणि एमएक्स६१ ही त्याच घराण्यातली भावंडं असली तरी त्यांच्या पट्ट्या हलक्या आहेत. “एमएक्स आहे ना? मग वेटेडच” असं म्हणून एकसष्टवाला घेणारे मला दोघं भेटलेत.

आणखी एक. अशा स्टेज सिंथला स्वतःचे स्पीकर नसतात. घरी आणून चालू केला, वाजवला, आवाजच नाही, लागलीच ‘डिफेक्टिव्ह पीस’ म्हणून खोकं परत बांधायला घेतलं, असं करू नका. हेडफोन लावा. उलट डिजिटल पियानोला स्पीकर असतात, पण पी-४५ किंवा एफपी-१० सारख्यांना वेगळं लाइन आउट (बाहेरच्या स्पीकरला जोडायचं भोक) नसतं, हेडफोनच्याच भोकातून आवाज बाहेर काढावा लागतो. मांडवात वाजवणार असाल तर ही गोष्ट महत्त्वाची. हेडफोनची पिन लहान लागते की मोठी तेही बघून ठेवा, नाही तर ऐन वेळी कुणाला तरी तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पिटाळावं लागतं.

माहितीपत्रकातल्या पॉलिफोनीच्या आकड्यावर फार जीव टाकू नका. ६४ म्हणजे एका वेळी ६४ ध्वनी. पियानोवर पेडल दाबून भरभर वाजवलं तर कधीतरी जुने स्वर गळतात, तेवढंच. सिंथमध्ये मात्र हिशेब वेगळा. एमएक्स८८ मध्ये १२८ आहेत, पण त्यातल्या एकेका आवाजात आठापर्यंत थर असू शकतात. आठ थरांचा आवाज लावला की उरले सोळा स्वर.

लांबी मोजली का?

८८ पट्ट्यांचं वाद्य म्हणजे साधारण सव्वाचार फूट. रिक्षात आडवं बसत नाही. मागच्या सीटवर तिरपं उभं करून, एक टोक बाहेर आणि ते धरायला एक माणूस, असंच न्यावं लागतं. पावसात तेही नाही. एक्स स्टँड घेणार असाल तर दुहेरी पायांचा घ्या. एकेरी पायांवर वेटेड पट्ट्या जोरात वाजवल्या की सगळं पाळण्यासारखं डुलतं.

घरी आणल्यावर ‘बिघडला’ वाटतो तेव्हा

पेडल सोडलं की स्वर लांबतात आणि दाबलं की तुटतात? पेडल खराब नाही, उलटं ओळखलं गेलंय. काही पेडलांमध्ये दाबल्यावर सर्किट जुळतं, काहींत तुटतं. कीबोर्ड बंद करा, पेडलची पिन लावा, पाय बाजूला ठेवा आणि मग कीबोर्ड चालू करा. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडल कसं आहे ते तपासून घेतात. चालू करताना पाय पेडलवर राहिला की सगळं उलटं होतं. बाहेरच्या कंपनीच्या पेडलला पोटाशी बहुधा एक छोटा खटका असतो, तो फिरवला तरी भागतं.

कीबोर्ड बेसूर झाला? बहुतेक वेळा कुणीतरी ट्रान्सपोज, म्हणजे सगळे स्वर एकदम चढवणारं-उतरवणारं बटण, दाबलेलं असतं. काल काळी एकच्या गायकासाठी अर्धा स्वर चढवला, आज विसरलात आणि पांढरी एकला बसलात. फॅक्टरी रीसेट करण्याआधी ही एक गोष्ट बघा, नाही तर जमवून ठेवलेले आवाजही जातील.

सगळं मंद वाजतंय, जोरच येत नाही? पेटीवाल्यांची ही नेहमीची तक्रार. टचच्या सेटिंगमध्ये ‘सॉफ्ट’ निवडा. कमी जोरातही मोठा आवाज मिळेल. ‘हार्ड’ हा जड हाताच्या पियानोवाल्यांसाठी.

बोट आणि आवाज यांत अंतर पडतंय? ब्लूटूथ हेडफोन काढा, तारेचे लावा. लॅपटॉपला जोडलं असेल आणि विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, टाकावा लागतो. लॅपटॉपला जोडल्यावर प्रत्येक स्वर दुहेरी, घुमल्यासारखा येत असेल तर कीबोर्डमधलं ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. स्वर एकदा वाद्यातून आणि एकदा लॅपटॉपमार्गे परत येत असतो.

लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज? चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारी छोटी डबी, लागेल. आणि अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून राउटरचा लावू नका. व्होल्टेज जुळलं तरी पिनच्या आत धन आहे की ऋण, हे कीबोर्डच्या मागे छोट्या चित्रात दिलेलं असतं, ते अ‍ॅडॉप्टरवरच्या चित्राशी जुळलं पाहिजे.

सेकंडहँड घेताना

मंद प्रकाशात, घाईत, ‘दादा, अजून दोघं बघायला येतायत’ या आवाजात वाद्य घेऊ नये. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकेक करून, आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवा. एखादी पट्टी मुकी असेल किंवा हळू वाजवूनही ओरडत असेल तर खालचा एखादा संपर्क धुळीने झाकलाय. पावसाळी ओल आणि रस्त्यावरची धूळ मिळून आपल्याकडे हे हमखास होतं. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे: आतली रबरी पट्टी काढून तिचे काळे ठिपके आणि खालचे सर्किटचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसायचे. गंज काढायचे फवारे अजिबात नकोत. वॉरंटी बाकी असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

पट्टीतून टकटक आवाज येत असेल तर मात्र आतलं फेल्ट किंवा ग्रीस गेलंय, ते काम मेकॅनिकचं. परदेशातून आणलेलं वाद्य असेल तर अ‍ॅडॉप्टरवर ‘१००-२४०’ लिहिलंय का ते बघा. नुसतं ‘१२०’ असेल तर आपल्या भिंतीत खुपसायचं नाही.

माझा एमएक्स८८ मी कर्वेनगरमध्ये एका इंजिनिअरच्या घरून घेतला. त्याच्या आईने चहा ठेवला, मी नाणी काढली. मधल्या सप्तकातली काळी चार हळू दाबली तरी किंचाळत होती. मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो, काही न बोलता. शेवटी तो पोरगा म्हणाला, “दोन हजार कमी करतो, पण ते थांबवा.” घरी नेऊन रविवारी उघडला, पुसला, बंद केला. काळी चार आता बोटाचं ऐकते. नाणी मात्र मी त्यांच्याच टीपॉयवर विसरून आलो होतो.