घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी रेझिस्टर निवडताना या चुका टाळा

बोर्ड जोडून झाला, गाणं वाजलं, आणि गाणं थांबल्यावर ट्वीटरमधून बारीक 'स्स्स' ऐकू येऊ लागलं, की पहिला संशय रेझिस्टरच्या कंपनीवर जातो. मग सगळे काढून महागडे बसवले जातात आणि 'स्स्स' तसाच राहतो. एका 'ऑडिओ ग्रेड' नगाच्या किमतीत साध्या 1 टक्का (छापील ओहमपेक्षा फार तर 1 टक्का इकडेतिकडे) एमएफआरची, म्हणजे मेटल फिल्मची, अख्खी पुडी येते. बहुतेक जागी तेवढं पुरतं. रेझिस्टर सर्किटमध्ये कुठे बसतो, त्याची किंमत किती ओहम आहे आणि त्याच्यावर किती व्होल्ट पडतात, हे आधी बघायचं.

कार्बन कुठे चालतो, कुठे नाही

प्रत्येक रेझिस्टर नुसत्या उष्णतेमुळे थोडा आवाज करतो. 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 1 के (1000 ओहम) सुमारे 0.57 मायक्रोव्होल्ट, 10 के 1.8 आणि 100 के 5.7. इथे कार्बन आणि मेटल फिल्म सारखेच, सोन्याचा केला तरी आकडा बदलणार नाही. फरक पडतो तो डीसी व्होल्टेज पडल्यावर. तेव्हा कार्बनमध्ये जादा खरखर तयार होते आणि व्होल्टेजबरोबर वाढत जाते. जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन यात सर्वांत वाईट, कार्बन फिल्म त्याहून बरे, मेटल फिल्म चांगले, वायरवाउंडमध्ये ती जवळजवळ नसतेच.

म्हणून एमएफआर आधी कुठे? कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलला सप्लाय देणारा 2.2 के ते 10 केचा रेझिस्टर, आणि प्रीअ‍ॅम्पमधल्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर रेझिस्टर. दोन्हीवर डीसी असतो आणि सिग्नल फक्त काही मिलिव्होल्ट. उलट एलईडीचा रेझिस्टर कार्बनचा असला तरी कानाला पत्ता लागणार नाही. सिंगल सप्लायवर अर्धं व्होल्टेज देणाऱ्या 100 केच्या जोडीचंही तेच, तिची खरखर पुढचा 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गिळतो.

हातात 22 के नाही म्हणून 220 के

हीच सर्वांत जास्त केली जाणारी चूक. टीडीए2030 या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचं नेहमीचं सर्किट घ्या. फीडबॅकला (आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे नेणाऱ्या जोडीला) 22 के आणि 680 ओहम, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो) सुमारे 33. गुणोत्तर तेच ठेवून कुणी 220 के आणि 6.8 के लावतो. गेन तोच राहतो, पण फीडबॅकच्या जोडीचा आवाज तिपटीहून थोडा जास्त होतो. शिवाय इनपुटच्या पायाला जाणारा 22 के मुद्दाम फीडबॅकइतकाच ठेवलेला असतो. आयसीचा बायस करंट (तिच्या इनपुटच्या पायांना लागणारा बारीक डीसी करंट) दोन्हींतून सारखाच वाहतो आणि परिणाम एकमेकांना मारतात. एक बाजू 220 के झाली की 0.2 मायक्रोअँपच्या बायसलाही आउटपुटवर सुमारे 40 मिलिव्होल्ट डीसी उभा राहतो.

मग खाली उतरायचं का, 2.2 के आणि 68 ओहम? तेही नाही. 680 ओहमसोबत 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 10 हर्ट्झच्या आसपास कापतो. 68 ओहम लावलात की तोच कपॅसिटर 106 हर्ट्झला कापू लागतो, आणि तबल्याचा बायाँ गायब. कपॅसिटर दसपट केला तरच हे जमतं. नुसता 680 वाढवून गेन कमी करणं त्याहून धोक्याचं: गेन 24 डेसिबलच्या (सुमारे 16 पटीच्या) खाली गेला की ही आयसी ऑसिलेट होऊ शकते, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप पावू लागते.

स्टिरिओत 5 टक्केवाले वापरले तर दोन चॅनलमध्ये वाईटात वाईट पावणेदोन डेसिबलचा फरक पडतो, 1 टक्कावाल्यांत तो एक तृतीयांश डेसिबल. दहा नग मोजून त्यातली जुळणारी जोडी निवडली तर तोही जातो. मीटर स्वस्तातला असला तरी हरकत नाही, जोडी लावताना आकडा खरा नसला तरी फरक खरा लागतो.

आउटपुटचा 1 ओहम जळतोय?

आउटपुटपासून ग्राउंडला 1 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडची जोडी असते. हा रेझिस्टर काळा पडला की लोक 5 वॅटचा लावून मोकळे होतात. पण 20 किलोहर्ट्झला हा कपॅसिटर जवळजवळ 80 ओहमचा असतो, त्यामुळे गाण्याने हा रेझिस्टर कोमटही होणार नाही. तो तापतोय म्हणजे अ‍ॅम्प ऑसिलेट होतोय. 500 किलोहर्ट्झला नुसते 5 व्होल्ट असले तरी त्यात सव्वादोन वॅट जातात. आधी सप्लायचे 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आयसीच्या पायांना चिकटून आहेत का ते बघा, मग ग्राउंडची वायरिंग. इथे वायरवाउंडही नको, तो स्वतःच कॉइल असतो.

वॅट पुरले, व्होल्ट नाही

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये वॅटचा हिशेब करून थांबू नका. बहुतेक पाव वॅट मेटल फिल्मची मर्यादा 250 व्होल्टच्या आसपास असते. 400 व्होल्टच्या फिल्टर कपॅसिटरवरचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) एकच पाव वॅट 220 केचा लावला तर 0.73 वॅट आणि 400 व्होल्ट, दोन्ही हद्दी ओलांडल्या. एके दिवशी तो आतून तुटतो आणि बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज तसाच उरतो. दोन 100 के, 1 वॅटचे, सिरीजमध्ये लावा. प्रत्येकावर 200 व्होल्ट आणि 0.4 वॅट येतात.

आवाज कुठून येतोय

इनपुट शॉर्ट करा आणि व्हॉल्यूम हळूहळू फिरवा. हिस्स, म्हणजे तो 'स्स्स', दोन्ही टोकांना कमी आणि मधे कुठेतरी जास्त असेल, तर तो पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरचा. 100 केच्या पॉटची बाहेर दिसणारी रोधकता मधे 25 के होते, 10 केचा लावला तर अडीच के. मात्र आधीची स्टेज 10 केचा भार पेलणारी हवी. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हिस्स कायम असेल तर दोष पॉटच्या पुढे, आउटपुटच्या बाजूला आहे. मग 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने एकेका स्टेजचं इनपुट ग्राउंडला टेकवत शेवटच्या स्टेजपासून पॉटकडे या. ज्या स्टेजला टेकवूनही पहिल्यांदा आवाज थांबत नाही, तिथले डीसी वाहणारे रेझिस्टर आधी बदला. व्हॉल्व्हच्या सर्किटात हे करू नका.

निळ्या अंगाच्या एमएफआरवरच्या पाच रंगीत पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. लाल-लाल-काळा-लाल-तपकिरी म्हणजे 22 के, पण उलटं वाचलं तर 2 टक्क्यांचा 12 के, आणि तेही पटण्यासारखं दिसतं. बसवण्याआधी प्रत्येक नग मीटरवर टेकवा.

बसवलेला मोजताना सप्लाय बंद, कपॅसिटर रिकामे. आकडा कमी आला तर घाबरू नका, शेजारचे रस्ते समांतर येतात. एक पाय सोडवून पुन्हा मोजा. आकडा स्थिर होऊनही छापील किमतीपेक्षा बराच जास्त दाखवत असेल, तर पाय सोडवायचीही गरज नाही, तो रेझिस्टर गेलेला आहे.