‘गेट’ म्हणजे नुसतं ‘मिळणं’ नाही: इंग्रजी बोलताना या चुका टाळा

राग येतो, अंधार पडतो, भूक लागते, लग्न होतं. मराठीत प्रत्येक गोष्टीचं क्रियापद वेगळं. इंग्रजीत ही सगळी कामं एकटं ‘गेट’ करतं, आणि शाळेत आपण मात्र ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच पाठ करून पुढे गेलेलो असतो. मग बोलायची वेळ आली की एक तर हा शब्द टाळला जातो, नाही तर भलत्या जागी पडतो.

शब्दकोशात या क्रियापदाच्या अर्थांची यादी पानंच्या पानं चालते. ती पाठ करण्यात अर्थ नाही. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघा: नाम आहे, विशेषण आहे, ‘टू’ आहे की ‘ऑन’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द आहे? अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरतो, आणि खालच्या जवळपास सगळ्या चुका तिथे न पाहिल्यामुळे होतात.

‘आय गॉट अँगर’

‘मला राग आला’चं हे शब्दशः रूप वारंवार ऐकू येतं. स्थिती बदलली असं सांगायचं असेल तर ‘गेट’च्या पुढे विशेषण हवं: आय गॉट अँग्री. तसंच इट गॉट डार्क, आय गॉट टायर्ड. ‘माझं लग्न झालं’ हे ‘माय मॅरेज वॉज डन’ नाही, ‘आय गॉट मॅरिड’. आणि लग्न कुणाशी झालं हे सांगताना आपल्या ‘शी’मुळे तोंडात ‘विथ’ येतं. तिथे ‘टू’ म्हणायचं. शी गॉट मॅरिड टू अ डॉक्टर.

केस कुणी कापले?

‘आय कट माय हेअर’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की कात्री तुमच्याच हातात होती. मराठीत आपणही ‘केस कापले’ म्हणतो आणि सलूनमध्ये जाऊन आलो हे समोरच्याला कळतं. इंग्रजीत मात्र ‘कापून घेतले’ हे स्पष्ट म्हणावं लागतं: आय गॉट माय हेअर कट. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम मोडून ‘आय गॉट कट माय हेअर’ म्हणू नका.

काम कुणाकडून करून घेतलं तेही सांगायचं असेल तर रचना बदलते आणि ‘टू’ लागतं: आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू फिक्स द फॅन. हेच ‘हॅव’ किंवा ‘मेक’ वापरून सांगितलं तर ‘टू’ गळतं: आय हॅड द इलेक्ट्रिशियन फिक्स द फॅन. दोन्ही रचना बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ फार होते.

फोन चोरीला गेला हे सांगताना ‘माय फोन गॉट स्टोलन’ म्हणा. ‘आय गॉट माय फोन स्टोलन’मध्ये, केस कापून घ्यावेत तसा फोन तुम्हीच चोरवून घेतल्यासारखा सूर लागू शकतो.

मिळालं की लागलं?

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू. ‘ताडोब्याला वाघ बघायला मिळाला’ हे इंग्रजीत हुबेहूब बसतं: वी गॉट टू सी अ टायगर. म्हणजे ‘गॉट टू’ आणि पुढे क्रियापद आलं की त्यात संधीचा आनंद असतो.

आता मुलाखतीतलं वाक्य बघा. वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, हे सांगताना उमेदवार म्हणतो, ‘आय गॉट टू लीव्ह माय जॉब’. ऐकणाऱ्याला वाटू शकतं की याला नोकरी सोडायची संधी हवीच होती. नाइलाज सांगायला ‘आय हॅड टू लीव्ह’ हवं.

हा घोळ होतो तो ‘आय हॅव गॉट टू गो’मुळे. त्याचा अर्थ ‘मला जायलाच हवं’. भरभर बोलताना त्यातला ‘हॅव’ गिळला जातो आणि सिनेमात, मालिकांत आपल्याला ‘आय गॉटा गो’ ऐकू येतं. म्हणून ‘गॉट टू’ म्हणजे सक्ती असं डोक्यात बसतं. पण ती सक्ती आत्ताची किंवा पुढची असते. भूतकाळातल्या सक्तीसाठी ‘हॅड टू’ हाच सरळ मार्ग.

‘टू’च्या पुढे ठिकाण आलं तर अर्थ पोचणं: आय गॉट टू नाशिक ॲट नाइन. ‘होम’ आणि ‘देअर’ला मात्र ‘टू’ लागत नाही. ‘गॉट टू होम’ चूक, ‘गॉट होम’ बरोबर.

चढताना, उतरताना

बस, रेल्वे, विमान, स्कूटर यांना गेट ऑन आणि गेट ऑफ. मोटार आणि रिक्षा यांना गेट इन आणि गेट आउट. आपल्याकडे सगळ्याच वाहनांतून उतरायला ‘गेट डाउन’ म्हणतात आणि ते इथे सगळ्यांना कळतं, त्याला हसण्याचं काही कारण नाही. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिडीवरून, भिंतीवरून खाली या, किंवा धोका आहे, खाली वाका, असं सांगायला तो प्रयोग करतात. तिथे बसचा थांबा विचारताना ‘गेट ऑफ’ वापरा.

थोडक्यात आणखी दोन. जाग येणं म्हणजे वेक अप, अंथरूण सोडून उठणं म्हणजे गेट अप. आणि ‘कळलं नाही’ला ‘आय ॲम नॉट गेटिंग इट’ऐवजी ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणा.

‘गॉटन’ चूक आहे का?

नाही. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत तिसरं रूप ‘गॉट’, अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘गॉटन’. हे रूप अमेरिकनांनी नव्याने काढलेलं नाही. 1611 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या बायबलच्या भाषांतरातही ते आहे. अमेरिकेत तर दोन्ही रूपांत कामाचा फरक केला जातो: ‘आय हॅव गॉट अ टिकट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन अ टिकट’ म्हणजे ते मी मिळवलं. आपल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकेत ‘गॉट’ लिहावं. अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या तोंडून ‘गॉटन’ आलं तर ते सुधारायला जाऊ नये.