रोडस्टर की कूपे? हलकी स्पोर्ट्स कार घेताना या चुका टाळा

मागच्या चाकांना ताकद, हाताने टाकायचे गिअर, वजन कमी आणि किंमत नोकरदाराच्या आवाक्यातली, अशी स्पोर्ट्स कार शोधायला बसलं की यादी फार लवकर संपते. छत उघडणारी, म्हणजे रोडस्टर, हवी असेल तर माझदा एमएक्स-५. बंद छताची, म्हणजे कूपे, हवी असेल तर टोयोटा जीटी८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड, आणि त्यांची २०२१ पासूनची पुढची पिढी, जिला टोयोटाने जीआर८६ नाव दिलं. भारतात या गाड्या कंपनीकडून अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. त्यामुळे हे सगळं ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा आखातात राहून जुनी गाडी शोधणाऱ्यांसाठी आहे. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा चुकीचं मॉडेल निवडल्याने नाही, तर छत, डिकी आणि पत्रा न तपासल्याने.

चूक: दोन देशांतली वजनं एकमेकांशी जोडणं

युरोपातल्या कागदपत्रांत गाडीचं वजन बऱ्याचदा ७५ किलोचा चालक धरून दिलेलं असतं. अमेरिकेत तो धरत नाहीत. एक आकडा इथला आणि एक तिथला घेतला की कूपे रोडस्टरइतकीच हलकी वाटायला लागते. अमेरिकी पद्धतीने दोन्ही मोजल्या तर कापडी छताची दोन लिटरची सध्याची एमएक्स-५ साधारण १०६० किलो आणि मॅन्युअल जीआर८६ साधारण १२७५ किलो. फरक दोनशे किलोंहून जास्त, म्हणजे तीन माणसं गाडीत बसल्यासारखा. ब्रेक, टायर आणि वळणावरचा स्वभाव यात तो जाणवतोच.

ताकदीचं तसंच. २०१२ च्या जीटी८६ चं दोन लिटरचं इंजिन २०० पीएस (साधारण तेवढेच हॉर्सपॉवर) देतं, पण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये त्याचा टॉर्क, म्हणजे ओढ, खचतो. गावातल्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून ‘पिकअप नाही’ म्हणून गाडी नाकारणारे बरेच, आणि घेतल्यावर महिनाभरात हजारोंचा एक्झॉस्ट बसवणारेही बरेच. आधी पाच हजारांच्या वर नेऊन बघा, सात हजारांपर्यंत ओढत जाते. तेवढं फिरवायची सवय नसेल तर जीआर८६ चं २.४ लिटरचं इंजिन घ्या. त्याचा २५० न्यूटन मीटर टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो आणि तो खड्डा जवळजवळ बुजलेला आहे. एमएक्स-५ मध्ये २०१८ च्या सुधारणेनंतरचं दोन लिटरचं इंजिन १८४ पीएसचं आहे, आधीचं १६० चं. फरक मोठा आहे, म्हणून फक्त ‘दोन लिटर’ एवढं वाचून भाव ठरवू नका.

चूक: आपलं शरीर गाडीत न बसवता गाडी ठरवणं

सहा फुटी माणसाने एमएक्स-५ छत बंद करून बसून बघितलीच पाहिजे. २०१५ ते २०१८ च्या गाडीत स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं. २०१९ च्या मॉडेलपासून ते पुढे-मागेही सरकतं, आणि लांब पायांच्या माणसाला एवढ्याने गाडी जमते किंवा जमत नाही. सीट मागे टेकवून क्लच पूर्ण दाबा. गुडघा स्टिअरिंगला लागत असेल तर ही जोडी जुळणार नाही, मग रंग कितीही आवडो.

कूपेच्या मागच्या दोन सीटांबद्दल स्वतःची फसवणूक करू नका. पुढे उंच चालक बसला की मागे पाय ठेवायला जागाच उरत नाही. लहान मूल, ऑफिसची बॅग, पावसाळी जॅकेट, एवढंच. तरी त्या सीटा नुसत्या शोभेच्याही नाहीत. मागची पाठ एकसंध पुढे पडते आणि तिथे चार टायर मावतात. मुंबईहून आई-बाबा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन उतरले की हा प्रश्न खरा होतो. एमएक्स-५ ची डिकी जेमतेम १३० लिटरची, तोंड अरुंद, खोलीही कमी. मोठी चेक-इन बॅग तिथे आडवीही बसत नाही, उभीही नाही. जीटी८६ ची डिकी २४३ लिटरची, शिवाय सीट पाडली की एक बॅग आत सरकते. पण मग आई-बाबांपैकी एकजण टॅक्सीने येणार, हेही धरून चाला.

आणि सध्याच्या एमएक्स-५ मध्ये स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट. त्या बाटलीतल्या द्रावणाची मुदत संपलेली नाही ना, ते झाकण उघडून बघा. बाजूने फाटलेल्या टायरला ते उपयोगाचं नाहीच.

चूक: छत आहे तसं घेणं

रोडस्टर घेताना अर्धा वेळ छतावर घालवा. कापड ओलं असताना घडी घालून तसंच ठेवलं की बुरशी धरते. उघडून आत नाक घाला, कुबट वास लपत नाही. मग खिडकीच्या रबराला हात फिरवा. कडक झालेलं, चिरलेलं रबर पावसात गळतं आणि हायवेवर शिट्टी वाजवतं.

पहिल्या पिढीत, म्हणजे १९८९ ते १९९७ च्या गाडीत, मागची खिडकी प्लास्टिकची आहे. छत खाली करण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट ठेवायची असते. थंडीत ती तशीच दुमडली की मधोमध तडा जातो. विकणाऱ्याला छत तुमच्यासमोर उघडायला सांगा. चेन न उघडता त्याने थेट छत मागे ढकललं, तर इतकी वर्षं काय चाललंय ते कळलं.

याहून मोठा घोळ दिसत नाही अशा जागी होतो. छतावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंच्या निचऱ्याच्या भोकांतून नळीवाटे मागच्या चाकाच्या पुढे खाली पडायला हवं. पानं, धूळ, कापडाचे तंतू साचून ती भोकं तुंबतात. मग पाणी एक तर सीटमागच्या गालिच्यात मुरतं, नाही तर दाराखालच्या पेटीत साचून आतून पत्रा खातं. तपासणी सोपी आहे. अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या, छत खाली करून कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू ओता, आणि दुसऱ्या कोणाला मागच्या चाकापाशी बघायला सांगा. धार पडली तर ठीक. थेंबच पडले किंवा पाणी वर तुंबलं तर नळी साफ करायला हवी. त्यासाठी गवत कापण्याच्या मशीनची नायलॉन दोरी उत्तम. कडक तार घालू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग सगळं पाणी गाडीतच.

धातूच्या घडीच्या छताची एमएक्स-५, म्हणजे आरएफ, घेताना तिचं छत १३ सेकंदांत, गाडी ताशी १० किलोमीटरच्या आत असतानाच हलतं, हे लक्षात घ्या. पूर्ण मोकळं आकाश ती देत नाही. मागचे खांब तसेच राहतात, आणि छत उघडं ठेवून हायवेला निघालं की त्यांच्या मागे वारा घोंगावतो. सिग्नलला उभं राहून छान वाटतं, म्हणून ताशी ११० वर नेऊन ठरवा. छत बंद ठेवूनही तेवढ्याच वेगाने न्या. कूपेचा आवाजही फार कमी नाही, पण तो टायरचा आहे.

हवामानाचा अंदाज इथे उलटा चुकतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात कोरड्या दिवशी हीटर लावून, काचा वर करून उघड्या छताने मजेत फिरता येतं. दुबईत मात्र जूनच्या दुपारी छत बंद, एसी पूर्ण, आणि मजा नोव्हेंबर ते मार्चच्या संध्याकाळी.

चूक: वरून चकचकीत म्हणजे आतून चांगली

थंड देशात रस्त्यावर मीठ पडतं, आणि जुन्या एमएक्स-५ चा खरा शत्रू तो आहे. १९८९ ते २००५ च्या दोन्ही पिढ्यांत मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालच्या पेटीचं शेवटचं टोक आधी जातं. खाली वाकून अंगठ्याने दाबा. छोटं चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. १९९८ ते २००५ च्या गाडीत आणखी एक जागा: समोर, चाकांच्या मधल्या चासीच्या दांड्या. पत्रा दुहेरी असल्याने आत कुजतं, बाहेर पत्ता नसतो. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत, आणि विकणारा ते काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे तिथल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकट ऑनलाइन दिसतो. त्यात ‘कोरोजन’ (गंज) हा शब्द कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी तो गायब कसा झाला, एवढं बघायचं.

जपानहून आलेली युनोस रोडस्टर, म्हणजे तिथली एमएक्स-५, बहुतेक वेळा खालून स्वच्छ असते. पण गंजरोधक थर नसेल तर दोन हिवाळ्यांत ती बाकीच्यांसारखी होते. घेतल्या घेतल्या हिवाळ्याआधीच थर द्या, आणि आधी धुऊन पूर्ण वाळवा. ओलावा आत कोंडला तर थर न दिलेला बरा.

याच दोन पिढ्यांची बॅटरी डिकीत आहे. तिला वायू बाहेर नेणारी नळी लागते. कोणी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली असेल तर डिकीच्या तळाचा पत्रा ॲसिडने खाल्लेला सापडतो.

जीटी८६ मध्ये पत्र्याचा त्रास कमी, पण सस्पेन्शनचे अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचे, बोल्ट दोन्ही गाड्यांत जाम होतात. ‘अलाइनमेंट करून घ्या, स्वस्तात होईल’ असं विकणारा सांगतो. ते बोल्ट कापून काढावे लागले की बिल कितीतरी पटीने वाढतं.

इंजिन आणि गिअर: कुठे थांबायचं

१९८९ पासून १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, टोक आखूड आहे. पुलीचा बोल्ट सैल झाला की चावीची खाच खराब होते आणि इंजिन उघडावं लागतं. पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर लांब. २००५ पर्यंतच्या गाड्यांना टायमिंग बेल्ट आहे, साधारण ९६ हजार किलोमीटरला बदलायचा. बिल दाखवत नसेल तर बदललेला नाही असंच समजा.

याच गाड्यांच्या पाच गिअरच्या प्रकारात दांडा दुसऱ्यात जाताना अडखळत असेल तर लगेच गिअरबॉक्स खराब म्हणू नका. गिअर दांड्याच्या बुडाशी एक स्वतंत्र खळगा आहे, त्यात सुमारे ८० मिलिलिटर ऑइल लागतं. तो कोरडा पडतो आणि खालचं रबरी बूट फाटतं. दोन्ही बदलले की दांडा पुन्हा मऊ होतो. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, म्हणून कदाचित कोणी करत नाही. २०१५-१६ च्या सुरुवातीच्या नव्या पिढीत मात्र गिअरबॉक्सच निकामी झाल्याच्या घटना आहेत. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात जोर दिल्यावर खरखर किंवा हूंहूं ऐकू आली तर विकत घेऊ नका.

जीटी८६ आणि बीआरझेडच्या सुरुवातीच्या गाड्यांना २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावलं होतं. काम इंजिन उतरवून करावं लागतं. चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून काम झालं का ते बघा. झालं असेल तर कुठे आणि किती किलोमीटरपूर्वी तेही विचारा. अमेरिकेत त्यानंतर सीलंटचे (सांधे बंद करायच्या लुकणाचे) तुकडे ऑइलच्या मार्गात अडकून इंजिन बसल्याच्या तक्रारी आल्या. काम होऊन बरीच हजार किलोमीटर चाललेली गाडी अधिक निश्चिंत.

ट्रॅकवर न्यायचा बेत असेल तर एमएक्स-५ मध्ये हेल्मेट घालून बसा आणि रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या मजबूत कमानीच्या) टोकापासून पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरा. हेल्मेट तिच्या सुमारे ५० मिलिमीटर खाली राहायला हवं. सीटांच्या मागच्या शोभेच्या चकचकीत कमानी रोल बार नसतात, आणि अनेक आयोजक त्या चालवून घेत नाहीत. जीआर८६ मध्ये ही भानगड नाही, पण लांब उजव्या वळणांवर ऑइलचा दाब घटतो. दाबाचं मीटर बसवल्याशिवाय चिकट टायर लावू नका.

पैसे देण्याआधी शेवटचं एक. चाकांना लॉकिंग नट, म्हणजे खास किल्लीनेच उघडणारे नट, असतील तर त्याची किल्ली हातात मागा. डिकीत नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही, घरी असेल बहुतेक, असं ऐकलं तर त्या दिवशी गाडी नेऊ नका.